नाव खरवडायची तारीख

आमच्या नावेला शीड होतं हे मी पुढं नांदेडच्या होस्टेलात सांगितलं, तेव्हा खोलीतल्या पोरी पोट धरून हसल्या. हिंगोलीकडची पोरगी आणि म्हणे शिडाची नाव! त्यांचंही काही चुकत नव्हतं. आमच्याकडं पाणी असायचं ते विहिरीत, नाहीतर टँकरमध्ये. पण पैनगंगेवर धरण झालं, पाणी मागं मागं सरकत आमच्या शिवारात येऊन बसलं, आणि एकदा बसलं ते काही उठलं नाही. गाव अलीकडं राहिलं आणि निम्म्या जमिनी पलीकडं गेल्या. हायस्कूलही पलीकडं. सडकेनं जायचं तर सकाळी निघालेलं माणूस उन्हं डोक्यावर आल्यावर पोचायचं. नावेनं जायचं तर एक बिडी ओढून होईपर्यंत. अंतर मोजायचं आमचं माप तेच होतं, आणि बिडी दादांची असायची.

दादा म्हणजे माझे वडील, किसन. धरणाआधी ते विहिरी खोदायचे. विहिरीत उतरणारा माणूस पोहायला शिकतोच, म्हणून नाव आली तेव्हा नावाडी तेच ठरले. पोहणारे गावात आणखीही होते, पण दिवसभर पाण्यावर बसून राहायला कुणाला सवड नव्हती, कारण त्यांना शेती होती. शेती आम्हालाही होती, दीड एकर, पण ती अशी की तिच्यावर बसण्यापेक्षा पाण्यावर बसलेलं बरं. नाव अकरा घरांची. पलीकडं जमिनी असलेल्या अकरा घरांनी मिळून ती गोदावरीकाठच्या कुण्या भोयाकडून जुनीच घेतली होती, सागवानी, सपाट बुडाची. सुगीला ही अकरा घरं आम्हाला ज्वारी घालायची. ती लोकं त्याला ‘किसनचं देणं’ म्हणायची. दादा त्याला पगार म्हणायचे, आणि पगार म्हणताना त्यांचा आवाज जरा वर चढायचा. आमचा बौद्धवाडा गावाच्या खालच्या अंगाला, पाण्याला सगळ्यात जवळ. वरचं गाव म्हणायचं, बरं झालं बाबा, किसनला कामावर जायला जवळ पडतं.

नावेचा एक गुण मात्र सांगितलाच पाहिजे. तीत कुणी कुठं बसायचं हे फक्त दादा ठरवायचे. शेषराव पाटील वजनानं जबर, ते मधल्या फळीवर. देवळातले पुजारी दिगंबरकाका काडीसारखे, ते पुढं. आणि पाटलांचा तोल सांभाळायला त्यांच्या शेजारी आमच्या वाड्यातली गयाबाई, कारण तिच्याएवढं भरीव माणूस दुसरं नव्हतं. गयाबाई आणि शेषराव पाटील वर्षानुवर्षं खांद्याला खांदा लावून पलीकडं गेले. काठाला पाय लागला की दोघं एकमेकांना ओळखत नसल्यासारखे दोन वाटांनी निघायचे. मला लहानपणी वाटायचं, सगळ्याच गावांत असंच असतं, पाण्यावर एक रीत आणि जमिनीवर दुसरी.

शीड मायनं शिवलं होतं. युरियाची रिकामी पोती उसवून, धुऊन, दाभणानं आणि सुतळीनं एकमेकांना जोडलेली. पोत्यांवरची छापील अक्षरं काही सुलटी, काही उलटी, आणि वारा भरला की ती सगळी फुगून लांबूनही वाचता यायची. दुपार कलली की मावळतीकडून वारा सुटायचा. शाळा सुटल्यावर आम्ही पोरं नावेत बसलो की दादा वल्हं आत घ्यायचे, बांबूवर शीड चढवायचे आणि पाय लांब करून मागं बसायचे, डावीकडच्या कोपऱ्यात, नेहमी तिथंच. तेवढा वेळ ते गावातले सगळ्यात सुखी गृहस्थ असायचे. घरी माय भाकरी थापत असायची. तिच्या हातांचा आणि तव्याचा आवाज काठापर्यंत ऐकू यायचा, आणि वाऱ्यावर येसराच्या, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या, आमटीचा वास यायचा. आज मी पन्नाशी ओलांडली, गॅसवर स्वयंपाक करते, येसर विकतचा आणते. आमटी बरी होते. बरी म्हणजे खाता येते.

आता मुख्य भांडण. लाकडी नावेच्या बुडाला आतून-बाहेरून डांबर लावावं लागतं. दरसाल पाडव्याच्या आसपास नाव काठावर ओढायची, पालथी घालायची, जुन्या डांबरावर नव्याचा एक हात मारायचा आणि तिसऱ्या दिवशी पाण्यात ढकलायची. हे सोपं काम. पण चार-पाच वर्षांतून एकदा तेवढ्यानं भागत नाही. तेव्हा सगळे थर लाकडापर्यंत खरवडायचे, लाकडाला आठ-दहा दिवस कडक ऊन द्यायचं, फटींत कापूस आणि राळ ठासायची, मगच नवं डांबर. नाहीतर वरून डांबर, खालून डांबर, आणि मधल्या लाकडात शिरलेलं पाणी बाहेर निघायला वाटच राहत नाही. म्हणजे नाव पंधरा दिवस बंद. हे पंधरा दिवस कधीचे, यासाठी दरसाल अकरा घरांची बैठक व्हायची. ती काठावरच्या बाभळीखाली भरायची. पारावर भरवली असती तर दादांना कुठं बसवायचं हा प्रश्न आला असता, आणि नावाड्याशिवाय नावेचं बोलणार कोण? म्हणून बाभळ.

बैठकीला दादा इस्त्रीचा सदरा घालून जायचे. उभे राहायचे आणि दरसाल तेच बोलायचे, “हे बघा, नाव आता खरवडायला झालीय. म्या नावाडी हाव, माझं काम सांगायचं. उंद्या काई झालं तर किसननं सांगितलं न्हाई आसं म्हनू नका.” सगळे माना डोलवायचे. बराबर बोलला किसन. खरवडलीच पाहिजे. यात दुमत नव्हतंच कुणाचं कधी. प्रश्न फक्त कधी, हा. पावसाळ्यात लाकूड वाळत नाही, ते बाद. पोळ्यानंतर मूग-उडदाची काढणी. दिवाळीपासून कापूस वेचायला बाया पलीकडं न्यायच्या. मग गहू-हरभरा. उरला उन्हाळा. उन्हाळ्यात दिगंबरकाका पिशवीतून पंचांग काढायचे आणि लग्नाच्या तिथी वाचून दाखवायचे. पलीकडून वऱ्हाडं येणार, नाव नसली तर नवरीनं काय पोहत यायचं? आमच्या वाड्यातले लोक पंचांगाला हसायचे, पण एप्रिलातली जयंती आणि वैशाखातली पौर्णिमा आली की तेच म्हणायचे, आत्ता नाव बंद ठेवली तर पाहुणे कसे यायचे? शेवटी शेषराव पाटील मिशीवरून हात फिरवून निकाल द्यायचे, “मंग यंदा एक हात मारून घ्या. पुढल्या साली बघू.” आणि सगळे चहाला उठायचे.

दादा तणतणत घरी यायचे. “अडानी लोकं! ह्याईला काई समजत न्हाई. बुडतील एक दिवस!” माय ताट वाढायची आणि म्हणायची, “जेवा आता. ओरडून नाव सुकती का?” दादा दोन भाकरी जास्त खायचे. संतापानं भूक लागते असा माझा तेव्हा समज झाला, तो बरीच वर्षं टिकला.

माझी बारावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यापर्यंत नाव इतकी जड झाली होती की शीड पुरतं फुगलं तरी ती म्हशीसारखी पडून राहायची. एका बिडीचं अंतर दोन बिड्यांचं झालं होतं. पाणीही झिरपत होतं. तेलाच्या डब्यानं ते उपसायचं काम पाळीपाळीनं पोरांकडं असायचं, आणि आधी जिथं एका फेरीला चार डबे निघायचे तिथं आता पोरं उपसतच पलीकडं जायची. मी अठराची झाले होते, चार पुस्तकं वाचली होती, आणि जगातल्या सगळ्या अडचणी लोक नीट बोलत नाहीत म्हणून आहेत अशी माझी खात्री होती. माझ्या बापाचं कुणी ऐकत नाही, दरसाल त्याला बाभळीखाली उभं करतात आणि पाटलाच्या मिशीवर विषय संपतो, याचा मला भयंकर राग यायचा. त्यात जात होती, हे कळायचं माझं वय झालं होतं. दिगंबरकाकांनी तेच सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी नाव पालथी घातली असती, असं मी मायला म्हटलं. माय म्हणाली, “आसंल माय. तू भांडी घास.”

त्या साली बैठकीला मी गेले. बायका बैठकीला यायच्या, पण कडेला बसायच्या, पाण्याकडं तोंड करून, जणू कपडे वाळायची वाट बघतायत. दादांचं भाषण झालं. माना डोलल्या. पंचांग निघालं. मी उभी राहिले. जरा जास्तच मोठ्यानं बोलले, “काका, पंचांगात सगळ्याईच्या लग्नाच्या तारखा निघतात. ह्या नावेचीच काहून निघत न्हाई?”

बायकांकडून खुसखुस ऐकू आली. शेषराव पाटील हसले. “किसन, पोरगी वकील करतो का रे? बाई, पंधरा दिवस लोकं पलीकडं कशी जातील, तेवढं सांग.”

हे मी आधीच ठरवून आले होते. “तुमच्या ट्रॅक्टरनं. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. ट्रॉली मोकळीच उभी आहे.”

बायका एकदम माझ्याकडं वळल्या. ट्रॉलीत बसून सडकेनं जायचं, म्हणजे वाटेत डोंगरकडा गावचा बाजारही होतो. गयाबाई पहिली ओरडली, “बराबर बोलली पोरगी! पाटील न्हाई म्हनतेत का कवा?” चाळीस बायकांसमोर पाटील नाही कसं म्हणणार? त्यांनी मिशीवर हात नेला आणि तिथंच ठेवला. दिगंबरकाकांनी पंचांगात डोकं घालून सोमवार काढून दिला. चार-पाच वर्षं अडलेलं काम पाच मिनिटांत झालं. पुढं मी सरकारी कचेरीत नोकरी केली, शेकडो बैठकांची इतिवृत्तं लिहिली. एवढ्या झटपट निकाली निघालेला विषय नंतर पाहिला नाही.

मी दादांकडं बघितलं. त्यांनी डोळे भरून माझ्याकडं बघावं, अशी माझी अपेक्षा होती. दादांचा चेहरा मात्र पार उतरला होता. ते म्हणाले, “बरं.” सदऱ्याची बाही खाली ओढली आणि चहा न घेता घरी गेले. मी समजले, लेकीनं आपल्यापेक्षा चांगलं भाषण केलं, ते बापाला लागलं. पुरुषांचं असंच असतं, असं मी मायला शहाणपणानं सांगितलं. त्या दिवशी दादा अर्धीच भाकरी खाऊन उठले.

सोमवार आला. दादा म्हणाले, आभाळ आलंय. आभाळात चिंधीएवढा ढग नव्हता. मंगळवारी खुरपी बोथट निघाली. बुधवारी डांबर कमी पडंल, वारंगा फाट्याला रस्त्याचं काम चालू हाय, तिथून आणाय लागंल, पण माझी कंबर धरलीय. तोवर पाटलांचा ट्रॅक्टर रोज दोन फेऱ्या करून राहिला होता आणि पाटील डिझेलच्या नावानं खडे फोडून राहिले होते. मी चिडले. गयाबाईला बरोबर घेतलं आणि काळीपिवळी जीपनं वारंगा फाटा गाठला. रस्त्याच्या कामावरच्या मुकादमानं ड्रमच्या तळाशी गोठलेलं डांबर पहारीनं फोडून आमच्या दोन डब्यांत भरून दिलं. येताना जीपवाला म्हणाला, हे आत घेणार नाही, शिटा खराब होतील. गयाबाई म्हणाली, “मंग मला टपावर बशीव, आन् डांबर आत घे, त्याला ऊन लागतं.” ड्रायव्हर हसायला लागला आणि डबे टपावर गेले. उन्हानं डांबर पाघळलं आणि जीपच्या मागच्या काचेवर दोन काळे ओघळ उतरले. ते फाट्यापासून गावापर्यंत कुणाच्या लक्षात आले नाहीत, हे आमचं नशीब.

गुरुवारी दादांकडं सबब उरली नाही. वाड्यातल्या आणि वरच्या गावातल्या गड्यांनी मिळून नाव ओढून पालथी घातली आणि सगळे आपापल्या कामाला गेले. डांबर खरवडायची आमची पद्धत अशी की कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ पेटवायचा, पेटती जुडी बुडाच्या जवळ धरायची, डांबर मऊ झालं की खुरप्यानं पापुद्रा सोलायचा. माय पऱ्हाट्या पुरवत होती. दादांनी पुढच्या टोकापासून सुरुवात केली. इतक्या हळू, की वांग्याला आळं करतायत असं वाटावं. थरावर थर निघत होते. एका थरात कापसाची बोंडं चिकटलेली, एकात कुणाच्या तरी पोराचं उमटलेलं पाऊल. खालून लाकूड निघालं ते गव्हाळ, टणटणीत. मला इतका आनंद झाला की मी दुसरं खुरपं उचललं आणि मागच्या बाजूला गेले, डावीकडच्या कोपऱ्याला.

“तिकडं न्हाई!” दादा ओरडले. “तिकडलं म्या करतो. तू इकडं ये.”

“तुम्ही इकडलं करा ना. दोघांनी केलं तर लवकर होईल.”

“शोभे, ऐक म्हनतो ना! तिकडं हात लावू नको!”

असं ओरडल्यावर कुठली अठरा वर्षांची पोरगी थांबते? मी जुडी धरली, डांबर नरम झालं, खुरपं लावलं. सोलायला जोरच लागला नाही. खुरपं आत गेलं, दांड्यापर्यंत. बाहेर ओढलं तर त्याच्याबरोबर चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी ओलं आलं. मी बोटानं टोकरलं. आणखी आलं. हातभर जागेत लाकूड नव्हतंच. वरून डांबराचे थर, आतून डांबराचे थर, आणि त्यांच्या मधे हा चोथा. इतकी वर्षं आम्ही डांबरात बसून पाणी ओलांडत होतो. हातातली जुडी खाली टाकून मी दादांकडं बघितलं. त्यांनी धावत यायला पाहिजे होतं, अरे देवा म्हणायला पाहिजे होतं, निदान बघायला तरी पाहिजे होतं. ते तिथंच उकिडवे बसले होते आणि बिडी शोधत होते.

“दादा, तुम्हाला ठाव होतं?”

“व्हय.”

“कवापासून?”

“तू आठवीत व्हतीस.”

“मग दरसाल बैठकीत उभं राहून खरवडा खरवडा म्हणून ओरडत होता ते काहून?”

दादांनी बिडी पेटवली. “गप बसलो असतो तर त्याईला संशय आला असता. आन् वरडलो तरी ते लोकं तारीख काढनार न्हाईत, ह्याची मला खातरी व्हती.” मग धूर सोडून म्हणाले, “तुह्या ध्यानात ते आलं न्हाई.”

मला हसू आलं असतं, पण त्याआधी राग आला. असा राग मला बापाचा त्याआधी आला नव्हता आणि नंतरही नाही. मी म्हटलं, लेकरं बसत होती यात. मी बसत होते. गयाबाईची नातवंडं बसत होती. काही झालं असतं तर? दादा मान खाली घालून म्हणाले, “त्या जागेवर म्या दुसऱ्या कुनाला बसू दिलं न्हाई कवा. माहाच पाय असायचा तिथं. पानी जास्त लागलं तर पायाला आधी कळावं म्हनून.” माय पऱ्हाट्या टाकून पदरानं तोंड पुसत होती. तिलाही माहीत नव्हतं. “खरवडली असती तर हे निघालंच असतं,” दादा म्हणाले. “मंग नाव कुठली आन् नावाडी कुठला? परत इहिरी खोदायच्या? ह्या वयात?” तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. मी आज त्यांच्या त्या वयाच्या पुढं गेले आहे, आणि माझ्याही पोटात असे एक-दोन कोपरे आहेत जिथं मी कुणाला खुरपं लावू देत नाही. तेव्हा मात्र मला त्यांचं काहीएक पटलं नाही.

तासाभरात बातमी वर गेली आणि सगळे खाली आले. शेषराव पाटील, दिगंबरकाका, ट्रॉलीची वाट बघत असलेल्या बाया. मला वाटलं, आता दादांची धडगत नाही. पाटील भोकाजवळ वाकले, आत बोट घातलं, बोट धोतराला पुसलं आणि वळून आपल्या ट्रॅक्टरकडं बघितलं. मग म्हणाले, “गोनपाट हाय का रे किसन? डांबरात भिजवून दोन पदरी लाव. वरून चार हात मार. यंदाचं साल निघंल.”

“निघंल की,” आणखी कुणीतरी म्हणालं. “एवडे साल निघालेच ना?”

“उद्या सकाळी आठनंतर चांगला वेळ आहे,” दिगंबरकाका म्हणाले. पंचांगसुद्धा उघडलं नाही.

मी आ वासून बघत राहिले. ज्या माणसांना बुडायची भीती वाटायला पाहिजे होती ती माणसं गोणपाट कुणाच्या घरी आहे याची चौकशी करत होती. आणि दादांच्या चेहऱ्यावर हळूहळू रक्त परत येत होतं. आता सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाचीच हरकत नव्हती. नाव राहत होती, नावाडी राहत होता, सुगीची ज्वारी राहत होती. दादा उठले, कंबर सरळ केली आणि म्हणाले, “लावतो. बरं.” मला तिथंच रडायला आलं. माझ्या बापाचं घर चालणार म्हणून आनंदानं आलं, की तो हो म्हणाला म्हणून लाजेनं, ते मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

लोक पांगायला लागले तेवढ्यात गयाबाई पुढं आली. तिच्या कडेवर धाकटी नात होती. ती नावेकडं वाकली नाही, भोकात बोट घातलं नाही. दादांच्या समोर उभी राहिली आणि सरळ विचारलं, “किसन, म्या बसू का ह्याच्यात? लेकराला घिऊन? तू म्हनशीन तर बसते.”

इतक्या वर्षांत बैठकीत दादांना कधी, केव्हा, कितव्या तारखेला, हे सगळं विचारून झालं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. पाटील मागं वळून म्हणाले, “अगं बसशील की, काई होत न्हाई.” दादांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. ते गयाबाईच्या कडेवरच्या लेकराकडं बघत होते. ते म्हणाले, “नको बसू, बाई.”

मग ते माझ्याजवळून गेले, नाव ओढायला आणलेली पहार उचलली आणि त्या कोपऱ्यात घातली. पहिल्या घावात डांबराची पपडी फुटली. दुसऱ्या घावात आरपार. मग ते थांबलेच नाहीत. कुजक्या लाकडापाशी थांबले असते तर कुणी गोणपाट लावलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते पुढं पुढं गेले, चांगल्या, गव्हाळ, टणटणीत फळ्यांपर्यंत. त्या फळ्यांवर पहारीचा आवाज निराळा येत होता. पाटील ओरडले, “अरे किसन, डोकं फिरलं का तुझं!” कुणी पुढं झालं नाही. माय झाली. तिनं दादांच्या हातातली पहार घेतली, खाली ठेवली आणि म्हणाली, “झालं आता. घरी चला.” दादा खूप दमले होते. घरापर्यंत तिनं त्यांना दंड धरून नेलं, सगळ्या गावासमोर. तसं चालताना मी त्यांना त्याआधी बघितलं नव्हतं.

नाव किसननं फोडली, असं गावात कुणी म्हटलं नाही. नाव शोभीनं फोडली, असं म्हणायचे. एका परीनं बरोबरच होतं. पाटलांचा ट्रॅक्टर पाऊस पडेपर्यंत फेऱ्या करत राहिला आणि बाया डोंगरकड्याचा बाजार करत राहिल्या. पुढच्या सालात अकरा घरांनी मिळून पत्र्याची नाव आणली. तिला खरवडावं लागत नाही म्हणून बैठक बंद झाली. नावाडी दुसरा ठेवला. त्याला पोहता येत नव्हतं, पण तो पाटलांच्या नात्यातला होता. गयाबाई त्या नावेत पाटलांच्या शेजारी बसली नाही. तिला मागं बसवत. पत्र्याच्या नावेला तोलाचं एवढं लागत नसावं.

दादांनी विहिरी खोदल्या नाहीत. नाव फोडल्यावर आठच दिवसांनी ते कुरुंद्याला निघाले. तिथं हळद शिजवायचं काम आटपत आलं होतं, पण ढोलात घालून हळकुंडं पॉलिश करायला माणसं लागत होती. मायनं चार भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा फडक्यात बांधून दिला. मी त्यांना सडकेपर्यंत सोडायला गेले. आठ दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नव्हतो. मी त्यांची पिशवी धरली होती आणि त्यांची माफी कशी मागायची याचा विचार करत होते. मागायची की नाही, हेही ठरत नव्हतं. ते उन्हात रस्त्याकडं बघत उभे होते. जीप लांबून दिसायला लागली, तेव्हा म्हणाले, “तू बोललीस ते बरंच झालं.”

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“पन मला इचारून बोलायचं व्हतं.”

“विचारलं असतं तर तुम्ही न्हाई म्हणाला असता.”

दादांनी पिशवी माझ्या हातातून घेतली. “व्हय,” ते म्हणाले, “म्हनलोच असतो.” आणि जीपमध्ये चढून बसले.